जास्तीचा एक थर

माझ्या नवऱ्याला ‘पुरेसं’ हा शब्दच ठाऊक नाही. गावी न्यायच्या बॅगेला चेन असते, कुलूप असतं, तरी रफिक तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात, चिकटपट्टीवर नायलॉनची दोरी, दोरीवर पुन्हा चिकटपट्टी. मग मुंबईला कस्टमवाला म्हणतो, ‘उघडा’, आणि आम्ही दोघं विमानतळाच्या फरशीवर बसून दातांनी गाठी सोडवत असतो. स्वयंपाकघरातली फळी त्यांनीच ठोकली आहे. तिच्यावर मी मसाल्याच्या बरण्या ठेवते, पण वेळ पडली तर मी स्वतः चढून बसले तरी ती हलायची नाही. आमच्या अख्ख्या संसारात घरातलं काही मोडलं म्हणून नाही. मी त्यांना ‘मजबूतवाले’ म्हणून चिडवते आणि त्यांना ती शाबासकी वाटते.

त्यांचा धंदाही तसाच. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये फायबरच्या बोटी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते फोरमन. त्याआधी जयगडच्या खाडीकाठी त्यांचे वडील, आजोबा मचवे बांधायचे. होडीला चार किलो जास्त झाले तर कुणी रडत नाही. उलट ती पाण्यात बूड धरून बसते, लाटेने उडत नाही. फायबरच्या बोटीतही तेच. काचेचं कापड पसरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा, वाळलं की पुढचा थर. दोन थर सांगितले असतील तर रफिक तीन टाकणार. त्यांच्या हातची बोट खडकावर आपटली तर खडकाची चौकशी करायला जावं, असं कारखान्यात म्हणत.

अशा माणसाने विमान बांधायला घेतलं.

विमान घरी बांधता येतं हे मलाही तोवर माहीत नव्हतं. सुटे भाग मोठ्या लाकडी खोक्यातून येतात, बरोबर जाडजूड मॅन्युअल येतं, आणि ते वाचून वाचून आपण जोडायचं. जबल अलीच्या बंदरात खोकं उतरलं तेव्हा रफिक कंपनीचा ट्रक घेऊन स्वतः गेले. कारखान्याच्या मालकाने, म्हणजे अरबाबने, शेडच्या मागचा कोपरा दिला आणि ‘यल्ला, रफिक, उडव एकदा,’ म्हणून हसत निघून गेला. खोक्यातून पांढऱ्या फायबरची दोन अर्धुकं निघाली, पंख निघाले, शेपूट निघालं. त्यात दोन सीट, शेजारीशेजारी. मी पाहिलं आणि म्हटलं, ‘एवढ्याशा डब्यात बसून माणूस आकाशात जातो?’

खरं तर रफिकना स्वतःलाच उडवायचं होतं. लहानपणापासूनची हौस. साठीच्या तोंडावर ते फ्लाइंग क्लबमध्ये नाव घालायला गेले, पण हृदयात स्टेंट बसलेला, औषधं चालू, डॉक्टरने मान हलवली. त्या दिवशी ते घरी येऊन पंख्याकडे बघत पडून राहिले. आमची एकुलती एक सुमैय्या तेव्हा नुकतीच दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये इंजिनिअर म्हणून लागली होती. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “अब्बा, आय विल लर्न टु फ्लाय. यू बिल्ड. अँड यू सिट नेक्स्ट टु मी.”

एवढाच ठराव. त्यांनी बांधायचं, तिने उडवायचं आणि शेजारच्या सीटवर त्यांनी बसायचं. समुद्रावरून एक चक्कर, हमरियाच्या शेडवरून दुसरी, आणि परत.

तिने क्लबमध्ये शिकून लायसन्स काढलं. यांनी विमान जोडायला घेतलं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी डबा घेऊन शेडवर जायची. आत बापलेक एकाच टेबलावर वाकलेली असत. ती मॅन्युअल वाचून दाखवणार, हे कात्रीने कापड कापणार. मी दारातच थोडी थांबायची. कारण मी त्या दोघांना असं एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. सुमैय्या लहान असताना रफिक ओव्हरटाइम करत. तिच्या फीसाठी, तिच्या कॉलेजसाठी, तिच्या नावावर गावी घर असावं म्हणून. शाळेच्या गॅदरिंगला मी एकटी जायची आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती जागा धरून ठेवायची. ते यायचे नाहीत. यायचे तेव्हा पोर झोपलेली असायची. आता पंचविशीच्या पोरीशी ते पहिल्यांदा गप्पा मारत होते, आणि त्या गप्पा तरी कसल्या, तर बिजागरीला वंगण कुठलं घालायचं! पण मला त्या ऐकाव्याशा वाटत.

“अब्बा, टू लेयर्स हिअर,” ती म्हणायची.

“दोनच? इथे शेपूट जोडलं जातंय सुमू. तीन टाकूया ना.”

“मॅन्युअल सेज टू.”

“मॅन्युअल लिहिणाऱ्याची मुलगी बसणार आहे का यात?”

ती हसायची, पण बोट मॅन्युअलवरून हलवायची नाही. मग ते मुकाट दोन थर टाकायचे. सोमवारी, मंगळवारी ती ऑफिसात असताना मी त्यांना डबा द्यायला गेले की ते तिथे एकटेच रोलर फिरवताना दिसत. ‘एक अजून देतोय,’ म्हणत. ‘असू दे. आपली पोरगी जाणार आहे.’ मला विमानातलं काय कळणार? माझीच पोरगी जाणार होती, मलाही ऐकून बरंच वाटायचं.

विमान पुरं होईतो सगळंच एकदम जवळ आलं. सुमैय्याचा निकाह ठरला, मुलगा कॅनडात, तिचं जाणं एप्रिलमध्ये. रफिकची निवृत्ती त्याच सुमाराला. म्हणजे आमचा व्हिसा संपणार, शेड रिकामी करायची, आणि आम्ही दोघं रत्नागिरीला. विमान क्लबातल्याच एका जर्मन गृहस्थाला द्यायचं ठरलं. पण त्याआधी हा एक हिवाळा होता. पहिले काही तास पायलटने एकट्यानेच उडवून पाहायचं, मग दुसऱ्याला बसवायचं, असा नियम. म्हणजे मार्चमध्ये रफिक बसतील, असा हिशेब होता. ‘इन्शाल्ला मार्च,’ ते सगळ्यांना सांगत सुटले. मस्जिदीत, किराणावाल्याला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मल्याळी शेजाऱ्यालासुद्धा.

विमान ट्रेलरवरून उम्म अल क्वैनच्या बाजूच्या धावपट्टीवर नेलं. तिथल्या हँगरमध्ये शेवटची बारीकसारीक कामं सुरू झाली. आणि ते दिवस खरंच सुखाचे होते. दांडा ओढला की शेपटीवरची पट्टी किती हलते, दोन्ही बाजूंना सारखी हलते का, हे सुमैय्या आत बसून ओरडायची आणि रफिक बाहेर कोन मोजायचे. केबल थोडी सैल, थोडी घट्ट. बोल्टवर लाल रंगाची रेघ, म्हणजे तो फिरला तर कळावं. इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझी ओढणी उडाली आणि ते दोघं वेड्यासारखे हसले. मी सीटसाठी शिवलेली जाड गादी, मरून रेक्झिनची, बसवली. बघणारे म्हणायचे, मर्सिडीजसारखी झालीय.

मग वजन करायचा दिवस आला.

वजन प्रकाशभाऊ करणार होते. प्रकाशभाऊ मूळचे नाशिककडचे, ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढून इकडे आलेले. क्लबात बांधलेलं प्रत्येक विमान तपासून तेच हो किंवा नाही म्हणत. माणूस गोड, पण कामात नातं विसरणारा. त्यांनी हँगरची दारं बंद केली, म्हणजे वाऱ्याने काटा हलू नये. तिन्ही चाकांखाली एकेक वजनकाटा सरकवला. आकडे लिहिले. पुन्हा शून्य केलं, पुन्हा चाकं चढवली, पुन्हा लिहिले. मी डब्यातले घावणे ताटलीत काढत होते. कुणी हात लावेना, तेव्हा मी वर पाहिलं.

“रफिकभाई,” प्रकाशभाऊ म्हणाले, “रिकामं विमान साडेतीनशे किलोच्या आत यायला हवं. आपलं चारशे तीस भरतंय.”

“काटा बघा एकदा.”

“दोनदा बघितला.” मग ते उठले आणि विमानाच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली, टरबूज घेताना करतात तशी. “इथे किती लेअर?”

“मॅन्युअलमध्ये लिहिलेत तेवढे.”

प्रकाशभाऊंनी पुन्हा टकटक केली. “रफिकभाई.”

“एक जास्त आहे,” रफिक म्हणाले.

“आणि इथे?”

“तिथेही एक.”

ते तसेच टकटक करत मागे सरकत गेले, रफिक त्यांच्यामागे. पंखाच्या मुळाशी एक जास्त. सीटमागच्या भिंतीला एक जास्त. सुमैय्या हातातला पाना धरून उभी होती. शेपटीशी पोचल्यावर रफिक थांबले.

“इथे दोन.”

“अब्बा, आय वॉज देअर,” सुमैय्या म्हणाली. “वी डिड टू लेयर्स. टुगेदर.”

“तू गेल्यावर टाकले.”

पाना तिने टेबलावर ठेवला, इतक्या हळू की आवाज झाला नाही. मला तेच जास्त लागलं.

प्रकाशभाऊंनी मग समजावून सांगितलं, आणि ते मलाही कळलं हे विशेष. मागे जास्त वजन झालं की विमान हवेत बूड टेकून बसू बघतं. ते आवरायला पुढे नाकाशी शिसं बांधावं लागणार. म्हणजे अजून वजन. आणि सगळं मिळून, माणसं, पेट्रोल धरून, सहाशेच्या वर गेलं तर ते उडवायचं नाही. खलास. त्यात चर्चा नाही.

“मोडणार तर नाही ना?” रफिकनी विचारलं. “मी मजबूत केलंय प्रकाशभाऊ. कुठून बी मारा.”

“मोडणार नाही हो. पण ते आधीही मोडणार नव्हतं. ज्याने हे डिझाइन केलं त्याने मजबुती मोजून ठेवली होती. तुमच्या मुलीचा विचार त्याने आधीच केला होता. तुम्ही परत एकदा केलात.”

रफिक विमानाभोवती फिरून आले. मग त्यांनी ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं होतं, ती विचारली. “दोघं बसतील ना?”

“सुमैय्या बसेल. दुसरा माणूस बारीक हवा. अगदी बारीक.” प्रकाशभाऊंनी त्यांच्या पोटाकडे बघायचं टाळलं, पण रफिकनी स्वतःच खाली बघितलं. तेव्हा ते शहाण्णव किलोचे होते.

“जास्तीचे थर काढता नाही येणार?” मी मध्येच म्हटलं.

प्रकाशभाऊ बोलायच्या आत रफिक म्हणाले, “नाही हाफिजा. मी लावलेला थर निघत नाही.” हेच वाक्य ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना छाती काढून ऐकवत आले होते.

पुढचे आठवडे आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. पहिल्यांदा माझी मरून गादी निघाली. मग गालिचा, हीटर, दुसरा रेडिओ, उन्हाची झापडं. रफिकनी खिळ्याखिळ्याचं वजन केलं. एका जड बोल्टच्या जागी हलका मिळतो का म्हणून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातलं दुकान न् दुकान पालथं घातलं. जो माणूस एका खिळ्याच्या जागी तीन ठोकायचा, तो आता वॉशर हातावर तोलून बघत होता. आणि एवढं करून जेमतेम शेळीच्या पिल्लाएवढं वजन उतरलं.

मग ते स्वतःला उतरवायला लागले. माझ्या हातचा भात, तांदळाची भाकरी, कालवण, सगळं बंद. सकाळी काकडी, रात्री काकडी. मम्झरच्या किनाऱ्यावर ऊन असो नसो चालायला जायचे. मी बोंबील तळले की खिडकी उघडून खिडकीशी उभे राहायचे. मी म्हटलं, “अहो, तुमच्या छातीत लोखंडाची नळी आहे, विसरलात का?” तर म्हणाले, “ती काढता आली असती तर तीपण काढली असती.” मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. चेहरा त्यांच्या अब्बांसारखा दिसायला लागला, शेवटच्या आजारातल्या.

एका दुपारी ते हँगरमध्ये वजनकाट्यावर उभे राहिले, आकडा बघायला वाकले आणि तिथेच कोसळले.

हॉस्पिटलात डॉक्टरने मला बाहेर घेऊन झापलं. असं उपाशी राहून हृदयाशी खेळायचं नाही, आता एक किलो कमी करायचा नाही. आत सुमैय्या ऑफिसातून तशीच धावत आली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड लोंबत होतं. प्रकाशभाऊंनी फोनवर नवा हिशेब केला होता. रफिक बारा किलो उतरले होते आणि अजूनही दहा किलो जास्त होते. पेट्रोल कमी भरून जावं का, हे रफिकनी पडल्यापडल्या विचारून पाहिलं होतं, आणि प्रकाशभाऊंनी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला होता.

“व्हाय डिडन्ट यू जस्ट ट्रस्ट द नंबर्स, अब्बा?”

“सुमू, तुझ्यासाठीच केलं ना.”

आमची मुलगी इथे जन्मली, इथे शिकली. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे घरात ठरूनच गेलेलं. त्या दिवशी ती मराठीत बोलली. अडखळत, पण शब्द न् शब्द मराठी.

“माझ्यासाठी, माझ्यासाठी. सगळं माझ्यासाठी. अब्बा, माझ्याबरोबर करायची एकच गोष्ट होती. ती पण तुम्ही माझ्यासाठी करून टाकली.”

रफिकनी तोंड भिंतीकडे केलं. सलाइनची नळी हलली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही इतकी कीव आली की कुणाचा हात धरावा कळेना. तिचं खोटं नव्हतं. ओव्हरटाइमच्या त्या सगळ्या वर्षांत मी हेच म्हणत होते, फक्त मला ते इतकं नेमकं कधी म्हणता आलं नव्हतं. पण यांचंही खोटं नव्हतं. या माणसाला प्रेम करायची दुसरी रीत कुणी शिकवलीच नव्हती. जिथे काळजी वाटेल तिथे अजून एक थर टाकायचा. त्या पोरीला तापाची एक गोळी पुरत असताना यांनी तीन डॉक्टर केलेले मी पाहिलेत. मायेने केलेल्या गोष्टीचाही पश्चात्ताप करावा लागतो, हे मला त्या खोलीत कळलं, आणि नसतं कळलं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तीच उठली आणि त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. “आय ॲम सॉरी,” म्हणाली. त्यांनी भिंतीकडे बघतच मान हलवली.

पहिलं उड्डाण फेब्रुवारीत झालं. सुमैय्या एकटी. शेजारच्या सीटचा पट्टा मोकळा लटकू नये म्हणून रफिकनी तो रिकाम्या सीटवरच घट्ट आवळून बांधला. विमान धावपट्टीवर धावत सुटलं, धावतच राहिलं. प्रकाशभाऊ पुटपुटत होते, ‘उठ, उठ, उठ गं.’ रफिकचे ओठ दुआ म्हणत होते. मग चाकं सुटली. ते पांढरं यंत्र, ज्याचा प्रत्येक सांधा माझ्या नवऱ्याच्या हातांनी दुप्पट केलेला होता, जड अंगाने हळूहळू वर गेलं आणि वळलं. क्लबातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी यांना मिठी मारली. यांनी हसून सगळ्यांचे मुबारक घेतले. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्यांची नजर विमानाच्या उजव्या खिडकीवर होती. त्या बाजूला कुणी नव्हतं.

सुमैय्या उतरली आणि म्हणाली, “अब्बा, इट्स सो स्टेडी.” ते म्हणाले, “हो ना? मजबूत आहे.” आणि टाकीत पेट्रोल किती उरलं ते बघायला वळले.

मार्चमध्ये तिचे एकट्याने उडायचे तास पुरे झाले. विमान पुढच्या आठवड्यात त्या जर्मनाकडे जाणार होतं. आमच्या घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या. त्या सकाळी हँगरमध्ये प्रकाशभाऊ चहा पितापिता एकदम माझ्याकडे वळले. “भाभी, तुमचं वजन किती?”

“तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं.

“सांगा तर.”

“सेहेचाळीस.”

त्यांनी मोबाइलवर बेरीज केली आणि तो पटकन खिशात टाकला. बोलून चुकलोच असं त्यांच्या तोंडावर दिसलं. पण रफिकच्या लक्षात आलं होतं. “हाफिजा बसू शकते,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

मी साफ नाही म्हटलं. मला लिफ्टमध्ये मळमळतं. एवढी वर्षं या विमानाला मी डबा, खोकं, माझी सवत, काय काय म्हणत आले. शिवाय ती जागा माझी नव्हती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण रफिकनी माझा दंड धरला. त्यांच्या हातात पूर्वीसारखं बळ उरलं नव्हतं.

“जा तू. सुमूच्या शेजारी आपल्यापैकी कुणीतरी बसायला हवं ना? एकदा तरी.” मग म्हणाले, “नीट बघ. आणि मला सगळं सांग.”

त्यांनीच मला आत बसवलं. पट्टा लावला, ओढला, परत ओढला. खिडकीचं झाकण लावताना माझ्या ओढणीचं टोक आत सारलं आणि पंखावर दोनदा थोपटून मागे सरले. सुमैय्याने रेडिओवर काहीतरी म्हटलं आणि आम्ही निघालो.

मळमळलं नाही. काय सांगू, मला वाटलं होतं भीतीने डोळे मिटून घेईन, पण मला डोळे मिटवेचनात. खाली उम्म अल क्वैनची खाडी पसरली होती आणि त्या पाण्याचे रंग मी जन्मात पाहिले नव्हते. हिरवं, मग त्याहून फिकं हिरवं, मग एकदम निळं. मधूनमधून तिवरांचे काळपट पुंजके, त्यांच्यामधून पाण्याच्या वाकड्यातिकड्या वाटा, जयगडच्या खाडीत असतात तशाच. एका उथळ जागी गुलाबी ठिपके होते. सुमैय्या म्हणाली, फ्लेमिंगो. मग तिने विमान वळवलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हमरियाकडे नेलं. तिथे निळ्या पत्र्याच्या शेडा, जेट्टी, उलट्या ठेवलेल्या बोटी. “देअर, अम्मी. अब्बाज शेड.” माझ्या नवऱ्याने आयुष्य घालवलं ती जागा वरून काड्यापेटीएवढी दिसत होती.

आणि सुमैय्या बोलत होती. खाली मोजकंच बोलणारी माझी पोर तिथे सारखी बोलत होती. हा दांडा किती हलका ठेवायचा, हे बघ, बोट लावून बघ. उन्हात तापलेल्या वाळूवरून गेलं की विमान कसं उचललं जातं. कॅनडात गेल्यावर तिकडे उडता येईल का, नवऱ्याला आवडेल का, तिला आमची आठवण येईल का. तिने माझा हात धरून दांड्यावर ठेवला. “धिस इज व्हॉट आय वाँटेड टु शो हिम,” ती म्हणाली. मी तिच्या हाताखालचा हात काढला नाही. पण सबंध वेळ मला दुसऱ्याच्या ताटातलं जेवल्यासारखं होत होतं. पाण्याचा प्रत्येक रंग, पोरीचा प्रत्येक शब्द त्यांचा होता. मी तो पोटभर जेवत होते आणि ते खाली उन्हात उभे होते.

परत आलो तेव्हा ते धावपट्टीच्या कडेलाच होते. पंखा थांबायची वाट न बघता पुढे यायला लागले, तेव्हा प्रकाशभाऊंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. मग झाकण उघडलं आणि त्यांचा घामेजलेला, उतरलेला चेहरा आत आला. डोळे लहान मुलाच्या डोळ्यांसारखे झाले होते.

“काय दिसलं? शेड दिसली? पाणी कसं दिसतं वरून?”

माझ्या जिभेवर सगळं होतं. सांगायला लागले असते तर संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला एक शब्द सांगवेना.

“कसलं काय,” मी म्हटलं. “वर नुसती धूळ. काही म्हणजे काही दिसलं नाही. तुम्ही काही गमावलं नाहीत.”

सुमैय्याने पलीकडच्या बाजूला तोंड फिरवलं. रफिक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. सकाळपासून आकाश लख्ख होतं, ढग नव्हता, पार रास अल खैमाच्या डोंगरांच्या घळी मोजता येत होत्या.

“हो,” ते म्हणाले, “आज धूळ फार आहे.” आणि माझा पट्टा सोडवायला वाकले.